फवारणीचा हंगाम आणि घराचा उंबरठा

मराठवाड्यातील कापूस पिकवणाऱ्या गावांमध्ये कीटकनाशकाला कीटकनाशक म्हणण्याची रीत नाही. त्याला औषध म्हणतात. औषध आणले, औषध मारले, औषधाची बाटली माळ्यावर ठेवली, अशीच वाक्ये कानावर पडतात. भाषेची ही सवय वरवर निरुपद्रवी वाटते, परंतु तिचा परिणाम दूरवर पोहोचतो. विष म्हटले की माणूस ते उंबरठ्याबाहेर ठेवतो. औषध म्हटले की ते कोनाड्यात, फडताळात, धान्याच्या पोत्याशेजारी सहज विसावते.

केंद्र सरकारने २०२३ साली डायकोफॉल, डिनोकॅप आणि मेथोमिल या तीन रसायनांवर बंदी घातली आणि शेतकऱ्यांच्या चांगल्याच परिचयाचे असलेले मोनोक्रोटोफॉसचे ३६ टक्के द्रावणही बाजारातून हटवण्याचा आदेश दिला. शिल्लक साठा संपवण्यासाठी दिलेली एक वर्षाची मुदतही केव्हाच उलटून गेली आहे. निर्णय उशिरा झाला, तरी तो योग्य झाला. मात्र राजपत्रातील आदेश कृषी सेवा केंद्राच्या फळीपर्यंत पोहोचतो, घराच्या माळ्यापर्यंत पोहोचत नाही. गेल्या हंगामातील अर्धी उरलेली बाटली ज्या घरात आहे, तिचे काय करावे हे त्या घराला कोणी सांगितलेले नाही. प्रस्तुत लेखात आम्हांला याच घराविषयी लिहायचे आहे.

दिंद्रुड हे बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील गाव. सिंदफणा नदीवर माजलगावचे धरण झाल्यापासून तालुक्यात ऊस आला, तरी जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यात रोखीचे पीक म्हणजे मुख्यतः कापूस, आणि त्याच्या जोडीला सोयाबीन व तूर. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील लाखो माणसे बायकापोरांसह ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. अशा भागात घरातील घातक रसायनांविषयी लिहावयाचे तर शहरी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत येणारी यादी फारशी उपयोगी पडत नाही. तिथे खोलीत मारायचे सुगंधी फवारे, प्लास्टिकचे डबे आणि न चिकटणारे तवे यांची चर्चा असते. ती खोटी नाही. परंतु दिंद्रुडसारख्या गावात सर्वांत जहाल रसायन दुकानातून थेट स्वयंपाकघरात येत नाही. ते आधी शेतात जाते आणि संध्याकाळी माणसाच्या अंगावर बसून घरी येते.

हा प्रवास नीट समजून घेतला पाहिजे. सकाळी पाठीवर पंप घेऊन गेलेला माणूस दुपारपर्यंत कमरेपासून खाली ओला झालेला असतो. भाद्रपदात कापूस छातीला लागतो. फवारलेल्या पानांतून वाट काढताना पँट, सदरा, टॉवेल सारे त्या द्रावणाने भिजते. घरी आल्यावर पंप अंगणात उतरतो. त्यातील उरलेले पाणी न्हाणीजवळ ओतले जाते. कपडे खुंटीवर किंवा कोपऱ्यात पडतात. लहान मूल धावत येऊन पायांना मिठी मारते. दुसऱ्या दिवशी घरातील बाई ते कपडे इतर कपड्यांबरोबर, कित्येकदा तान्ह्या बाळाच्या दुपट्यांबरोबर, उघड्या हातांनी धुते. ज्या बादलीत औषध कालवले, तीच बादली पुन्हा पाण्यासाठी वापरली जाते. या साखळीत कोणाचाही दुष्ट हेतू नाही आणि निष्काळजीपणाही आपण समजतो तेवढा नाही. एका खोलीच्या घरात वेगळी जागा नसते, एवढेच त्याचे कारण असते.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी रसायने ज्या वर्गात मोडतात त्याला सेंद्रिय फॉस्फरस वर्ग म्हणतात. (येथे 'सेंद्रिय' या शब्दाने फसू नये, सेंद्रिय शेतीशी त्याचा काही संबंध नाही.) आपल्या शरीरात मज्जातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचला की तो निरोप पुसून टाकणारे एक विकर असते. ही रसायने नेमके तेच विकर निकामी करतात. निरोप पुसला जात नाही आणि मज्जातंतू सतत चेतवलेले राहतात. डोळ्यांची बाहुली बारीक होते, लाळ आणि घाम सुटतो, मळमळ होते, स्नायू फडफडतात, आणि प्रमाण अधिक असेल तर श्वास थांबतो. हे रसायन पोटात जाण्याची गरज नसते. ते त्वचेतून शिरते, आणि घामेजलेल्या, उन्हाने तापलेल्या त्वचेतून अधिक वेगाने शिरते. थोड्या प्रमाणात रोज लागत राहिले तर डोके जड होणे, अंधारी येणे, भूक मंदावणे अशी लक्षणे दिसतात. गावात त्यांना ऊन लागले, पित्त झाले असे म्हटले जाते आणि दोन गोळ्या घेऊन माणूस पुन्हा कामाला लागतो.

मुलांचा धोका अधिक असतो आणि त्याची कारणे साधी आहेत. मूल जमिनीवर रांगते, हात तोंडात घालते, आणि आपल्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा अधिक श्वास घेते, अधिक पाणी पिते. त्याचा मेंदू अजून घडत असतो. गर्भवतीच्या बाबतीत हीच गोष्ट गर्भाला लागू पडते.

कामाच्या ठिकाणचे विष घरी येते ही गोष्ट जगाला ठाऊक नव्हती असे नाही. अमेरिकेने १९९२ साली कामगारांच्या कुटुंबीयांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार तेथील व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९५ साली संसदेला अहवाल सादर केला. शिसे, ॲस्बेस्टॉस, कीटकनाशके अशी कितीतरी द्रव्ये कामगारांच्या कपड्यांवरून, अवजारांवरून आणि गाड्यांतून घरी पोहोचून बायकामुलांना बाधत असल्याचे त्यात नोंदवले होते. आपल्याकडे १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम आहेत. त्यांत उत्पादक आहे, विक्रेता आहे, फवारणी करणारा आहे. त्याचे कपडे धुणारी स्त्री मात्र नाही.

यवतमाळचे २०१७ साल येथे आठवल्याशिवाय राहत नाही. त्या वर्षी पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत त्या एका जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे मरण पावली आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. मृतांमध्ये स्वतःची शेती नसलेले, रोजाने फवारणी करणारे मजूरही होते. कापूस त्या वर्षी डोक्याइतका वाढला होता, बोंडअळी बीटी वाणांनाही दाद देत नव्हती, दोन-तीन रसायने एकत्र कालवून मारली जात होती, आणि बॅटरीवर चालणाऱ्या नव्या पंपांमधून अधिक बारीक तुषार उडत होते. सरकारने विशेष तपास पथक नेमले, काही कीटकनाशकांवर ६० दिवसांची बंदी घातली, मास्क आणि हातमोज्यांचे संच वाटले. हे सर्व आवश्यक होते. परंतु चर्चेचा सारा झोत शेतावर राहिला. रुग्णालयातून घरी परतलेल्या मजुराचे ते भिजलेले कपडे कोणी आणि कसे धुतले, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. संरक्षक पोशाखाविषयीही एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. थंड हवेच्या देशांत बेतलेला तो जाड पोशाख आश्विनातील उन्हात मराठवाड्यातील माणूस अर्धा तासही अंगावर ठेवू शकत नाही. तो घातला नाही म्हणून मजुराला दोष देणे सोपे असते.

विष घरात येण्याचा दुसरा मार्ग म्हणजे रिकामा डबा. बिहारमधील सारण जिल्ह्यातील गंडामन या गावी १६ जुलै २०१३ रोजी शाळेतील माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस आढळले. कीटकनाशकाच्या डब्यातून ते तेलात आले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालीच भारतातील या रसायनाच्या वापराचा आढावा घेऊन धोक्याचा इशारा दिला होता. भारत सरकारने २००५ साली भाजीपाल्यावर त्याचा वापर करण्यास मनाई केलीच होती. पण कापसासाठी विकत घेतलेली बाटली भेंडीवर रिकामी होणार नाही, हे कोण पाहणार? २००५ ते २०२३ ही अठरा वर्षे या एका प्रश्नाच्या उत्तरावाचून गेली, आणि तीही गंडामनच्या शाळेतील मुलांना पुरल्यानंतर दहा वर्षे धरून.

रिकाम्या डब्यांबाबत नियम नाही असे मात्र नाही. १९७१ च्या नियमांतील ४४ वा नियम असे सांगतो की वापरलेली वेष्टने पुन्हा वापरात येतील अशी उघड्यावर टाकू नयेत, ती मोडून वस्तीपासून दूर पुरावीत. आणि ही जबाबदारी केवळ फवारणी करणाऱ्यावर नाही, तर उत्पादकावरही आहे. पन्नास वर्षांहून अधिक काळ हा नियम पुस्तकात आहे. प्रत्यक्षात पाच लिटरचा मजबूत कॅन फेकून देणे गरीब घराला परवडत नाही. त्यात डिझेल राहते, शेतावर न्यायचे पाणी राहते, क्वचित गोडेतेलही राहते. उरलेले डबे भंगारवाला नेतो. प्लास्टिकच्या अशा डब्याच्या भिंतीत रसायन मुरलेले असते. तीन वेळा धुऊनही तो अन्नपाण्यासाठी योग्य होत नाही. तीनदा विसळावा तो एवढ्यासाठीच, की विसळलेले पाणी पंपात जाऊन वापरले जावे आणि डबा पुरताना माती कमी नासावी. त्यानंतर त्याला खिळ्याने भोके पाडली की प्रश्नच मिटतो. भोके असलेल्या डब्यात कोणी तेल ठेवत नाही.

तिसरा मार्ग धान्याच्या कोठीतून जातो. पोरकिडे, सोंडे यांपासून गहू-ज्वारी वाचवण्यासाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या पोत्यात टाकणारी घरे आढळतात. या गोळ्यांची विक्री नियमानुसार सरकारी यंत्रणा आणि प्रशिक्षित कीडनियंत्रक यांच्यापुरतीच मर्यादित आहे, कारण हवेतील ओलाव्याशी संयोग होताच त्यांतून फॉस्फिन हा अतिविषारी वायू बाहेर पडतो. गोदामात तो बंद ताडपत्रीखाली धरून ठेवतात, तेथे कोणी झोपत नाही. घरात मात्र पोत्यांच्या आडोशालाच अंथरूण असते. देशाच्या निरनिराळ्या भागांतून या वायूने झोपेत दगावलेल्या कुटुंबांच्या बातम्या अधूनमधून येतात आणि विरून जातात. आम्ही येथे निःसंदिग्धपणे लिहितो: माणसे ज्या छपराखाली झोपतात त्या छपराखाली ही गोळी नको, एकही नको.

आपल्याकडे धान्य टिकवण्याची जुनी शहाणपणाची रीत होती आणि ती अजून पुरती विसरलेली नाही. वैशाखातील कडक उन्हात धान्य चांगले वाळवणे, कोठीत कडुनिंबाचा सुकलेला पाला घालणे, कडधान्याला राख चोळणे, तुरीच्या डाळीला एरंडेल तेलाचा हात लावणे, हे सर्व आजही उपयोगी आहे. यात वाळवणे हे सर्वांत महत्त्वाचे. ओलसर धान्याला कोणताही पाला वाचवत नाही. परंतु जुने ते सर्व निर्धोक असेही मानू नये. पोत्यात टाकलेल्या बिब्ब्याचे तेल कातडीला लागले तर फोड येतात, आणि बोरिक पावडर धान्यात मिसळण्याची जी प्रथा पडली आहे ती लहान मुलांच्या घरात टाळलेलीच बरी. ती पावडर रंगाने पिठासारखी दिसते, एवढे कारण पुरे आहे.

पूर्वी तर विष घरात सरकारच आणत असे. १९५८ साली राष्ट्रीय हिवताप निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून कितीतरी वर्षे डीडीटीचे फवारे घरांच्या भिंतींवर मारले गेले. त्या काळी हिवतापाने मरणाऱ्यांची संख्या पाहता तो निर्णय समजण्यासारखा होता. पुढे १९८९ साली शेतीतील डीडीटीचा वापर बंद झाला आणि ज्याला लोक 'गॅमेक्सिन पावडर' म्हणत त्या बीएचसीवर १९९७ साली बंदी आली. आज डासांसाठी कॉइल, कागद आणि उदबत्त्या आहेत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, एक कॉइल जळून निघणारे सूक्ष्म धूलिकण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरतात असे आढळले होते. दारे-खिडक्या लावून रात्रभर कॉइल जाळण्यापेक्षा मच्छरदाणी स्वस्त पडते आणि ती हिवतापापासून अधिक चांगले रक्षण करते. याहून अधिक काही या विषयावर लिहिण्याची गरज नाही.

चुलीविषयी मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण कापसाच्या गावात चूल आणि फवारणी यांची गाठ पडते. वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटून घरी येतात आणि वर्षभराचे सरपण होतात. हंगामभर फवारे झेललेले ते झाड. बहुतेक रसायन ऊन-पावसाने विघटित होते हे खरे. तरी चुलीचा धूर स्वतःच काय कमी घातक आहे? घरातील धुरामुळे जगात २०२० साली सुमारे ३२ लाख माणसे अकाली मरण पावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चूल पेटवण्यासाठी दुधाची पिशवी, फाटकी ताडपत्री वा कीटकनाशकाचे रिकामे पाकीट आत सारण्याची सवय ही तर निव्वळ आत्मघाताची आहे. उज्ज्वला योजनेने २०१६ पासून कोट्यवधी घरांत गॅसची शेगडी पोहोचवली. तरी सिलिंडर संपल्यावर पुन्हा भरण्याइतके पैसे हाताशी असतातच असे नाही. ऊसतोडीला गेलेले कुटुंब तर सहा-सहा महिने फडाकाठच्या प्लास्टिकच्या कोपीत राहते. तेथे पाचटावर आणि लाकडावर स्वयंपाक होतो आणि धूर बाहेर जाण्यास वाट नसते. बीडच्या मुलांच्या फुप्फुसांचा हिशेब करायचा तर तो दिंद्रुडमध्ये जेवढा करावा लागेल तेवढाच कोल्हापूर-सांगलीच्या फडातही करावा लागेल.

आणखी एक गोष्ट शहरातील वाचकाला ठाऊक नसेल. भाव मिळत नाही तोवर कापूस घरातच राहतो. २०२१-२२ मध्ये क्विंटलमागे दहा हजारांच्या वर गेलेला भाव पुढील हंगामात घसरला, तेव्हा भाव चढेल या आशेने असंख्य शेतकऱ्यांनी महिनोन्महिने कापूस विकला नाही. राहत्या खोलीत छतापर्यंत कापूस आणि उरलेल्या जागेत माणसे, असे ते दिवस होते. अंगाला खाज सुटल्याच्या तक्रारी तेव्हा अनेक गावांतून आल्या. त्या खाजेला रसायनाचा अंश, धूळ आणि कापसातील बारीक कीटक यांपैकी कोण किती जबाबदार, हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उघड होती: शेतमालाचा पडलेला भाव शेवटी मुलांच्या कातडीवर उमटला. घरातील रसायनांचा प्रश्न अर्थशास्त्रापासून तोडून पाहता येत नाही, हे याहून स्पष्ट कसे दिसावे?

आता सर्वांत कठीण बाबीकडे येऊ. मराठवाड्यात, आणि त्यातही बीड जिल्ह्यात, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी किती घरे उद्ध्वस्त केली हे सांगण्याची आवश्यकता नाही. निराशेचा तीव्र क्षण बहुधा अल्पकाळ टिकतो. त्या क्षणी घरात काय हाताशी आहे यावर पुष्कळ काही अवलंबून असते. म्हणून कीटकनाशक कुलपात ठेवा, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. श्रीलंकेत या सल्ल्याची कसोटी घेण्यात आली. अनुराधपूर जिल्ह्यातील १८० गावे, सुमारे ५३ हजार कुटुंबे; निम्म्या गावांत प्रत्येक शेतकरी घराला कीटकनाशकासाठी कुलपाची पेटी देण्यात आली. तीन वर्षांनी दोन्हींकडील विषबाधेच्या घटना मोजल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की पेट्यांमुळे फरक पडला नाही. याच श्रीलंकेत १९९५ पासून टप्प्याटप्प्याने सर्वाधिक जहाल कीटकनाशकांवर बंदी घालण्यात आली होती. तेथील आत्महत्यांचे प्रमाण त्यानंतर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले, आणि १९९५ ते २०१५ या काळात अंदाजे ९३ हजार जीव वाचले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. पिकांचे उत्पादन त्यामुळे घटले नाही. आपल्या देशात केरळने २०११ साली मोनोक्रोटोफॉससह १४ रसायने हटवली. महाराष्ट्राने तो मार्ग तेव्हा का धरला नाही, याचे समाधानकारक उत्तर आजवर मिळालेले नाही.

या दोन गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. कुलपाची पेटी निरुपयोगी आहे असा अर्थ कोणी काढू नये; लहान मुलाचा हात बाटलीपर्यंत जाऊ नये यासाठी ती हवीच. परंतु घरात आलेल्या विषाची राखण करण्याचे सारे ओझे घरावर, म्हणजे व्यवहारात घरातील स्त्रीवर, टाकून शासन आणि उत्पादक मोकळे होऊ शकत नाहीत. जे घरात यायलाच नको होते ते सांभाळायचे कसे, याची शिबिरे भरवण्यात आपण फार वर्षे घालवली.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात प्रदूषणाचा विचार करताना कीटकनाशके आणि तणनाशके यांचा नावानिशी उल्लेख केला, आणि स्वयंपाकाच्या धुराने गरिबांचे आरोग्य खालावते हेही तेथेच नोंदवले. पर्यावरण म्हटले की दूरवरची जंगले आणि वितळणारे हिमनग डोळ्यांपुढे आणणाऱ्यांना ते परिच्छेद अवश्य वाचावयास द्यावेत. त्यांत आपल्या गावची न्हाणी आणि चूल दिसते.

शासनाकडून अपेक्षा कोणती करावी? कीटकनाशकांसंबंधी नवा कायदा आणण्यासाठी २००८ साली विधेयक आले, ते कायदा झाले नाही. २०२० साली दुसरे राज्यसभेत मांडले गेले, ते स्थायी समितीकडे गेले. नवा कायदा कोणत्याही रूपात आला तरी त्यात दोन गोष्टी असाव्यात असे आम्हांस वाटते. उरलेले कीटकनाशक आणि रिकामे डबे परत घेण्याची सक्ती विक्रेता व उत्पादक यांच्यावर असावी, आणि डब्याला अनामत रक्कम असावी. पूर्वी सोड्याच्या काचेच्या बाटलीला अनामत असे, म्हणून ती उकिरड्यावर कधी दिसली नाही. पाच लिटरच्या कॅनला पन्नास रुपये अनामत ठेवा, मग तो कोणाच्या स्वयंपाकघरात तेलासाठी राहतो ते पाहू.

तोवर घराला काही करता येण्यासारखे आहे ते असे. फवारणीचे कपडे वेगळे असावेत आणि ते शेतातच बदलावेत. विहिरीपासून दूर, बांधाकडेला साबणाने अंग धुऊन मगच घराची वाट धरावी. ते कपडे ज्याने फवारणी केली त्यानेच धुवावेत. आमच्या समाजात पुरुषांना हे वाक्य रुचणार नाही याची कल्पना आहे. तरी ते येथे राहू द्यावे. कपडे त्याच दिवशी, इतर कपड्यांपासून वेगळे, भरपूर साबणाने धुवून उन्हात वाळवावेत. गर्भवतीने आणि अंगावर पाजणाऱ्या आईने त्यांना हात लावू नये. कालवण्याची बादली आणि काठी शेतातच राहावी. बाटलीवरील चौकटीतील रंग पाहून घ्यावा: लाल म्हणजे अत्यंत जहाल, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. दुकानदाराला 'जोराचे औषध द्या' म्हणण्याऐवजी निळ्या-हिरव्या खुणेचे काम भागेल का असे विचारावे. लागेल तेवढेच आणावे. मोठ्या बाटलीत चार पैसे वाचतात, पण उरलेले घरी राहते. आणि कोणाला चक्कर, लाळ, उलटी, बारीक झालेली बाहुली असे काही दिसले तर अंगावरचे कपडे उतरवून साबण-पाण्याने धुवावे, १०८ ला फोन करावा, आणि बाटली वा तिच्यावरचा कागद डॉक्टरांकडे सोबत न्यावा. रसायन कोणते हे कळल्यावाचून उपचार चाचपडत होतात. मनाने खचलेल्या माणसासाठी १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक दिवसरात्र उपलब्ध आहे. तो बाटल्यांच्या दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा, अशी सूचना आम्ही येथे करतो.

गावानेही एकत्र येऊन काही करण्यासारखे आहे. ग्रामपंचायतीच्या किंवा सोसायटीच्या जागेत, वस्तीपासून थोडी दूर, एक पक्की हवेशीर खोली असावी. फवारणीचे पंप आणि बाटल्या, घरोघरच्या नावाने, तेथे कुलपात राहाव्यात. शेतावर जाताना न्याव्यात, येताना परत ठेवाव्यात. घरातील पेटीने जे साधले नाही ते घराबाहेरच्या खोलीने साधेल याची हमी कोणी देऊ शकत नाही, परंतु मुले, धान्य आणि अंथरूण यांच्यापासून विष दूर जाईल, एवढे निश्चित. शेजारीच रिकाम्या डब्यांसाठी खड्डा. माजलगाव तालुक्यातील एखाद्या गावाने येत्या खरिपाआधी हा ठराव ग्रामसभेत मांडला तर त्याला लागणारा खर्च एका सभामंडपाहून कितीतरी कमी असेल.

फवारण्यांची संख्या घटवणे हा तर मूळ उपाय. पेरणीनंतर कामगंध सापळे लावून बोंडअळीवर नजर ठेवणे, कीड मर्यादेबाहेर गेल्यावाचून फवारणी न करणे, आणि सुरुवातीच्या फवारण्यांसाठी पाच टक्के निंबोळी अर्क वापरणे, हे सल्ले कृषी विद्यापीठे वर्षानुवर्षे देत आली आहेत. शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळी लागते. ती ज्येष्ठ-आषाढात झाडाखाली पडते, तेव्हाच गोळा करून सावलीत वाळवावी लागते. कापसावर पहिली कीड दिसेपर्यंत ती मातीत गेलेली असते.